उद्याच्या तारखेचा शिक्का

मी एक जुना तारखेचा शिक्का आहे, मित्रांनो, आणि आता जे सांगणार आहे त्यावर तुमचा काडीचाही विश्वास बसणार नाही. नका ठेवू. माझ्या लोखंडी अंगात खोटेपणा शिरायला फटच नाही, एवढंच सांगतो.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. कारागिराने मला बिडाची चौकट दिली, गुळगुळीत लाकडी मूठ दिली आणि पोटात तीन रबरी पट्टे बसवले: दिवसाचा, महिन्याचा, वर्षाचा. बाजूची दातेरी चाकं अंगठ्याने फिरवली की तारीख बदलते. पट्ट्यांच्या वर एकच शब्द, ‘दाखल’. तिथून मी थेट न्यायालयाच्या नोंदणी खिडकीत आलो. दावा कितीही मोठ्या माणसाचा असो, माझा ठसा उमटल्याशिवाय तो नुसता कागद! पहिल्याच दिवशी मी असा दणका दिला की छपरावरची कबुतरं उडाली, ती पुढच्या आठवड्यात परतली. एका न्यायाधीशांनी तर माझा ठसा पाहून चष्माच काढून ठेवला. म्हणाले, “इतकं स्वच्छ दिसत असेल तर हा हवाच कशाला?”

खिडकीतले कारकून माझे धनी. सगळे त्यांना आगाऊराव म्हणत, कारण प्रत्येक काम त्यांना वेळेआधी उरकायचं असे. दुपारचा डबा ते सकाळी अकराला संपवत. माझ्या बाबतीतही त्यांची एक खोड होती. कचेरी पाचला बंद व्हायची, पण साडेचार वाजले की त्यांचा अंगठा आपोआप माझ्या चाकावर जाई आणि उद्याची तारीख लागे. सकाळी घाई नको! त्यानंतर सहसा कुणी येत नसे. आलंच, तर उद्याचा ठसा घेऊन जाई. “एका दिवसाने कुणाचं काय अडतंय?” हे त्यांचं पालुपद.

अडलं, मित्रांनो. एका बाईचं सगळं आयुष्य अडलं.

त्या बाई शिवणकाम करतात. गणवेशाची उसवलेली बाही शिवून मिळेपर्यंत तुम्ही ज्यांच्या दुकानात बसला आहात, त्याच. कचेरीत संगणक आले तेव्हा आगाऊरावांनी मला भंगारातून काढून त्यांच्या हाती दिलं, आणि आता मी इथे कापडावर वजन म्हणून बसतो. त्या समोर मशीनवर आहेत, म्हणून आवाज जरा खाली ठेवतो.

बाई दहा वर्षांच्या असताना त्यांच्या प्रार्थनागृहातल्या धर्मगुरूने त्यांच्यावर लैंगिक अत्याचार केला होता. सगळे ज्याच्यापुढे मान तुकवत, तोच. तुमच्याएवढ्या मुलीने ते कुणाला सांगावं? चूक सगळी त्याची, आणि लाज मात्र हिने वाहिली, तब्बल तीस वर्षं. धर्मसंस्थेला सारं कळलं होतं. तिने काय केलं, तर त्याची गुपचूप दुसऱ्या गावी बदली केली.

इतक्या जुन्या दाव्यांची मुदत कधीच संपलेली असे. मग नवा कायदा झाला: अशा पीडितांना दावा लावायला आणखी एक वर्ष. त्या वर्षाचा शेवटचा दिवस उजाडला. पाचला वीस मिनिटं कमी होती आणि खिडकीसमोरच्या बाकावर तिघं बसले होते: बाई, त्यांचा धाकटा भाऊ आणि वकीलबाई.

“ताई, संस्थेचा माणूस परत फोन करतोय,” भाऊ कुजबुजला. “पैसे देतायत ना? सही कर नि मोकळी हो.”

“सही कशावर, ते वाचलंत का?” वकीलबाई म्हणाल्या. “पैसे घ्यायचे आणि जन्मभर तोंड शिवून बसायचं. तडजोड म्हणजे वाईटच असं नाही, पण ही अशी आहे.”

“आणि दावा हरलो तर? आईने चार लोकांत कसं जायचं?”

“हरूही शकतो,” वकीलबाईंनी सरळ सांगितलं. “पोलिसांतली तक्रार वेगळी, ती त्याला शिक्षा व्हावी म्हणून. तो रस्ता उद्याही उघडा आहे. हा दावा नुकसानभरपाईचा, त्याच्यावर आणि त्याला लपवणाऱ्या संस्थेवरही. हा मात्र फक्त आज. बाई, ठरवायचं तुम्ही. मी ढकलणार नाही.”

फोन पुन्हा वाजला. भावाने बहिणीकडे पाहिलं.

“वाजू दे,” बाई म्हणाल्या. “मी कापड शिवते, तोंड नाही.” आणि त्या रांगेत उभ्या राहिल्या.

इकडे मला दरदरून घाम फुटला. कारण माझ्या पोटात दहा मिनिटांपूर्वीच उद्या लागला होता! पुढे कुंपणाच्या भांडणाचे कागद घेऊन एक आजोबा उभे. ते अंगठा ओला करून पान न् पान मोजत होते. पावणेपाच. पाचला दहा कमी. त्यांना उद्याचा ठसा मिळाला आणि ते खुशीत चालते झाले. पाचला चार मिनिटं असताना बाईंचे कागद आत सरकले. आगाऊरावांनी पाहिलं न पाहिलं, मला शाईत दाबलं आणि उचललं. हा ठसा उमटला की दावा मुदतीबाहेर, आणि तीस वर्षं मातीत!

मी हवेत होतो, मित्रांनो. हाताशी जेमतेम एक श्वास. मी दातेरी चाकांचे सगळे दात आवळले, होता नव्हता तो जोर लावला, आणि माझं चाक मीच मागे फिरवलं! कर्र, ठप्प! ‘दाखल’, आणि खाली आजची तारीख. पुढे तीन वर्षं दावा चालला. संस्थेला भरपाई द्यावी लागली, ‘आम्हाला माहीत होतं’ हे लेखी कबूल करावं लागलं. कुणामुळे? या एका चाकामुळे! म्हणून सांगतो, जुन्या वस्तूंना जपा, त्यांना वेळच्या वेळी तेल द्या, त्यांच्या पराक्रमाची...

मशीन थांबलं.

“खोटं!” बाई म्हणाल्या. “मुलांनो, याचं काही ऐकू नका. उद्याचीच तारीख उमटली होती. दोनदा मोजल्याशिवाय मी कापडाला कात्री लावत नाही, तो कागद न वाचता घेईन होय? मी तारीख वाचली. कारकून म्हणाले, ‘एका दिवसाने काय अडतंय, बाई?’ आणि खिडकीची झडप ओढायला लागले. माझ्या भावाने खाली हात घातला. बोटं चेंगरली, पण काढला नाही. मग मी सांगितलं काय अडतंय ते. तो कोण होता, मी केवढी होते, सगळं. मागच्या रांगेला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. जन्मात पहिल्यांदा. तेव्हा कुठे कारकुनांचा अंगठा चाकावर गेला. चुकीचा ठसा खोडला, नवा मारला, शेजारी सही केली.”

मग त्या माझ्याकडे वळल्या.

“तू तर शाईत तोंड घालून गप्प पडला होतास. बोलले मी.”