रतनबाईची पत

"तुम्ही आजवर कुणाचंच देणं लागला नाहीत, हीच तर अडचण आहे, रतनबाई."

पतसंस्थेचे मॅनेजर नृसिंहराव हे इतक्या गोड आवाजात म्हणाले, की रतनबाईला आधी ती तारीफच वाटली. मग डोक्यात उजेड पडला.

"म्हंजे उधारी केली न्हाई, ह्यो माजा गुन्हा झाला व्हय?"

"गुन्हा नाही हो. पण कर्ज घेऊन फेडणारं माणूस आम्हाला कळतं. तुम्ही आम्हाला कळतच नाही."

कळत नाही? पाथर्डीत हिच्या भाड्याच्या भांड्यांशिवाय लग्न लागत नव्हतं! तिच्या मोठ्या डेगेत भात शिजायला लागला, की वाफेनं स्टँडवरच्या ड्रायव्हरच्या चष्म्यावर धुकं चढायचं आणि शेवगावची गाडी थेट नगरला जायची. एकदा त्या डेगेत शेजाऱ्याचा बोकड पडला, तर हाका मारत शोधावा लागला. अशी बाई भांडी वाहायला एक जुना टेम्पो मागत होती, आणि हा म्हणतो कळत नाही.

"मग कळायला काय करू?"

"लहान कर्ज घ्या. दर महिन्याला हप्ता भरा. पत एका दिवसात उगवत नाही."

रतनबाईनं कर्ज घेतलं, नोटा पिठाच्या डब्यात ठेवल्या आणि पुढच्याच बाजारी सगळ्या परत नेऊन दिल्या. नोटांवर बाजरीचं पीठ होतं. नृसिंहरावांना शिंका आल्या.

"अहो, असं नाही! एकदम फेडलंत तर तुमची सवय कशी दिसणार?"

पुन्हा कर्ज, पुन्हा डबा. ह्या वेळी तिनं महिन्याच्या महिन्याला हप्ता नेला. ताप असताना नेला, जावेच्या दहाव्यालाही नेला. हळूहळू संस्थेतला शिपाई तिला बघून स्टूल पुसायला लागला. रस्त्यात न ओळखणारे लोक थांबून "बऱ्या हाय ना मावशी?" विचारायला लागले. रतनबाईला बरं वाटायचं. पण घरी आल्यावर ती दाराची कडी दोनदा बघायची, आणि का बघतेय ते तिला सांगता आलं नसतं.

मग आसाराम आला. पाथर्डी-शेवगाव प्रवाशांची वडाप करायचा. त्याला नवी जीप घ्यायची होती.

"मावशी, जामीन व्हा. सायबच म्हनले, तुमच्यासारखी पत गावात कुनाची न्हाई."

आपल्याकडं जामीन व्हायला बोलावणं म्हणजे हळदीला बोलावल्यासारखं. जायचं, चहा प्यायचा, सही करायची. नाही म्हटलं तर जन्माचा रुसवा. रतनबाईला असं कुणी कधी बोलावलंच नव्हतं. ती ठेवणीतलं लुगडं नेसून गेली. लग्नात साक्षीला सही करतात तसंच हे, असं समजून तिनं सावकाश, वळणदार सही केली.

जीप आली. संध्याकाळी दारावरून जाताना आसाराम हॉर्न वाजवायचा. पुढं पुढं हॉर्न ऐकू येईना. मग जीपच दिसेना. त्याच्या घराला कुलूप लागलं. कुणी म्हणालं सुरतेला गेला, कुणी म्हणालं कर्नाटकात. अंगणातली त्याची कुत्री तेवढी रतनबाईच्या दारात येऊन बसायला लागली.

रतनबाई टेम्पोच्या कर्जाचं विचारायला गेली, तेव्हा शिपायानं स्टूल पुसलं नाही.

"तुमचा एकही हप्ता चुकला नाही," नृसिंहराव म्हणाले. "आसारामचे चुकले."

"त्यो चुकला, तर माजी पत कशी ग जाईल?"

गडबडीत तिच्या तोंडून ते 'ग' निघून गेलं. नृसिंहराव हसले नाहीत.

"सही तुमची आहे. त्याचं तुम्ही फेडलंत तर तुमचं नाव स्वच्छ. नाहीतर पुढं संस्थेच्या दारात उभं राहू नका."

रतनबाईनं टेम्पोला साठवलेलं सगळं दिलं. तरी भरेना. मग ती म्हणाली, "माजी मोठी भांडी घ्या. डेगसुद्दा."

सकाळी वसुलीवाला गाडी घेऊन आला. ज्यांच्या लग्नांना ती भांडी गेली होती ते सगळे आपापल्या दारात उभे होते. ओट्यावरून खाली कुणी उतरलं नाही.

"सायबांनी निरोप दिलाय," वसुलीवाला म्हणाला. "मावशीसारखा जामीनदार शोधून सापडनार न्हाई. आजून दोघं जनं तुमचं नाव सांगून गेलेत."

रतनबाईनं ऐकलं. डेगेला हात लावणाऱ्या त्याच्या माणसाला तिनं थांबवलं, राख आणि काथ्या घेतला आणि पदर खोचून आत वाकली.

"मावशी, ऱ्हाऊ द्या की. तशीच नेतो."

"परवाच्या लग्नाचा भात बुडाला लागलेला हाय. खरकटी जायची न्हाई."

आतून तिचा आवाज घुमून, मोठा होऊन बाहेर आला. दारातले लोक मागं सरले. एकेक करत तिनं सगळी भांडी लखलखीत केली आणि उन्हात पालथी घातली. वसुलीवाला ओट्यावर बसून राहिला. पाणी निथळेपर्यंत गाडी थांबली.