खुशालरावांची पेस्ट

पौर्णिमाची गाडी दोनदा रस्त्यात बंद पडली आणि दोन्ही वेळा सोमवारीच पडली. आठवड्याला सात दिवस असताना! शेजारच्या माणिकबाईंनी तर निकालच देऊन टाकला, "सोमवार तुले धार्जिणा नाही व पोरी, गाडीले लिंबू-मिरची बांध." पौर्णिमानं बांधली. लिंबू वाळून सुपारीएवढं झालं, गाडी होती तशीच.

हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट असती तर तिनं नेलीही असती. पण ती तेल्हारा तालुक्यातल्या एका सरकारी दवाखान्यात औषधांच्या खिडकीवर होती आणि राहायला अकोल्यात, जुन्या शहरात, सासू-सासऱ्यांजवळ. रोज सकाळी पन्नासेक किलोमीटर जायचं, नऊच्या आत मशीनवर अंगठा टेकवायचा आणि संध्याकाळी तेवढंच परत यायचं. पहिली एसटी तिथं साडेनऊला पोचते, म्हणजे एसटीचा विषयच संपला. दुसऱ्या उशिरानंतर मोठ्या डॉक्टरांनी तिला बोलावून अगदी शांतपणे सांगितलं होतं, "मॅडम, आता तिसऱ्यांदा झालं तर नियमाप्रमाणे इथंच क्वार्टरमध्ये राहायला या." शांतपणे सांगणाऱ्या माणसाशी भांडताही येत नाही. नवरा कुलदीप नोकरीपायी आधीच अमरावतीला खोली करून होता आणि शनिवारी रात्री घरी यायचा. ती तेल्हाऱ्याकडे गेली की नऊ वर्षांची अपेक्षा आजी-आजोबांजवळ अकोल्यात राहणार. एका घराच्या तीन चुली! ते होऊ नये म्हणूनच तर ही जुनी गाडी घेतली होती.

सुरुवात दिवाळीनंतर झाली. गाडी धक्के देऊ लागली, पेट्रोल ढोसू लागली आणि काट्यांजवळचा पिवळा दिवा पेटला तो विझेना. मोर्णा नदीच्या पुलापलीकडे प्रीतमचं गॅरेज आहे. पोरगा हुशार. त्यानं गाडीला मशीन जोडून सांगितलं, "ताई, ऑक्सिजन सेन्सर गेला. हे गाडीचं नाक समजा. जळालेल्या धुराचा वास घेते अन् इंजिनाले सांगते, पेट्रोल कमी कर, जास्त कर. नाकच बसलं तं इंजिन काय करीन?"

नवं नाक बसलं. गाडी अशी पळाली की पौर्णिमा दोन दिवस गाणी गुणगुणत गेली. मग रविवार गेला, सोमवार आला आणि गाडी एका पुलावर हिसके देऊन बसली. उशीर नंबर एक.

मग काय, ज्याच्या तोंडी त्याचं निदान. प्रीतम म्हणाला, पार्ट डुप्लिकेट. पार्ट विकणारा म्हणाला, बसवणाऱ्याचा हात वाईट. कुलदीप फोनवर म्हणाला, "तुमच्याकडचं पेट्रोलच खराब असन." तुमच्याकडचं म्हणे! हा स्वतः अकोल्यात जन्मला, वाढला, अन् अमरावतीत चार वर्षं काढली तर लगेच "तुमच्याकडचं". तरी त्यानं अमरावतीहून खात्रीचा दुसरा सेन्सर आणला. तोही आठवडाभर सुरेख चालला आणि पुढच्या सोमवारी मेला. उशीर नंबर दोन. त्यानंतर आठवडाभर पौर्णिमा पहाटे सहाला निघून, दर दहा किलोमीटरवर थांबत, गाडीला आणि स्वतःच्या नशिबाला शिव्या देत दवाखाना गाठत होती. अगदी नाकी नऊ आले होते.

शनिवारी परतताना तिनं गाडी थेट प्रीतमच्या दारात उभी केली. "आज मले कारण सांग, नाही तं ही गाडी मोर्णेत ढकलून देतो," ती म्हणाली.

प्रीतमनं सेन्सर खोलून उजेडात धरला. त्याच्या टोकाला बारीक फटींची लोखंडी टोपी असते. त्या फटींवर पांढरट थर चढला होता आणि खाली आट्यांमध्येही तेच, वाळून कडक झालेलं.

"ताई, ही पेस्ट कोणं लावली?"

"कोणती पेस्ट?"

"सिलिकॉनची. नळाले, पाइपाले लावतात ते. या सेन्सरले ते जहर हाय. याच्यासमोर ती जळली का सेन्सर खल्लास. म्या तं नाही लावली."

पौर्णिमाला पुढचं विचारावंच लागलं नाही. ती पेस्ट ती रोज बघत होती. घरातल्या प्रत्येक नळाला ती होती, कुकरच्या दांड्याला होती, अपेक्षाच्या पाण्याच्या बाटलीला होती. एकदा तर सासूबाईंच्या, पार्वताबाईंच्या, चष्म्याच्या काडीला होती. तिचे सासरे खुशालराव यांनी चाळीस वर्षं फवारणीचे पंप दुरुस्त केले. पाठीवरचे पंप, हाताचे, पायाचे, काय वाटेल ते. गळका पंप म्हणजे शेतकऱ्याच्या पाठीवर औषध, म्हणून खुशालरावांनी बसवलेला आटा कधी गळला नाही. पेस्ट लावून लावून त्यांच्या अंगठ्यावरच्या रेषासुद्धा गेल्या होत्या. रेशनच्या मशीनला त्यांचा अंगठा ओळखूच येत नाही, पार्वताबाईंना जावं लागतं. बॅटरीचे पंप आले, मग भाड्यानं ड्रोन आले आणि दोन वर्षांपूर्वी दुकान बंद झालं. पेस्ट मात्र बंद झाली नाही.

आणि दर रविवारी सकाळी खुशालराव गाडीला "कपडा मारत" होते! तळपायाची आग मस्तकाला जाणं म्हणजे काय, ते पौर्णिमाला पुलावरून घरी येईस्तोवर नीट कळलं.

खुशालराव अंगणात मिक्सरचं भांडं मांडीत घेऊन बसले होते. बारा वर्षांत तिनं सासऱ्यांपुढे आवाज चढवला नव्हता. तिनं तो सेन्सर त्यांच्यापुढे ठेवला. "मामाजी, हे तुमी खोललं होतं?"

"हो," खुशालराव म्हणाले. लपवाछपवी नाही, काही नाही. "दर इतवारी खोलतो. नोझल हाय ना ते."

"नोझल?"

"फटी पाह्य ना. काजळीनं बुजतात. घासलेटात बुडवून सुईनं साफ करतो, पेस्ट लावून कसून बसवतो. त्या प्रीतमनं कोरडंच बसवलं होतं. बिना पेस्टचा आटा कुठी असते काय?"

"मंग पहिल्यांदा बंद पडली तवा?"

"तवा मले वाटलं, पेस्ट कमी पडली. मंग फटीवरूनबी एक हात मारला."

झालं! पौर्णिमाचा बांध फुटला. "ते नोझल नाही मामाजी! ते नाक हाय, अन् तुमी त्याच्यात बोळे कोंबून राहिले! कुलदीपनं दहा डाव सांगतलं, गाडीले हात लावू नका. अमरावतीहून आणलेला सेन्सर तुमी मारला, त्याच्या आधीचाबी तुमीच मारला. मी त्या पुलावर उभी राहून रडत होती, माहीत हाय? आता अजून एक डाव उशीर झाला का मले घर सोडा लागते, माही पोरगी सोडा लागते. अन् तुमी म्हणता पेस्ट कमी पडली!"

माणिकबाईंच्या खिडकीतला टीव्ही कोणीतरी बारीक केला. खुशालरावांनी मिक्सरचं भांडं खाली ठेवलं, सेन्सर उचलून बराच वेळ पाहिला आणि आत निघून गेले. जेवायलाही उठले नाहीत. पार्वताबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या, "बरं झालं बोलली. मी चाळीस वर्सं बोलून राह्यली, मले कोणं ऐकलं?" पण पौर्णिमाला काही बरं वाटलं नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

नवा सेन्सर गुरुवारी येणार होता. रविवारी प्रीतमनं जुनाच परत बसवून त्याची वायर तेवढी काढून ठेवली. "आता गाडी अंदाजानं पेट्रोल घेईन. जास्त पिईन, दिवा पेटलेला राहीन, पण बंद नाही पडणार. चार दिवस काढा." चार दिवस म्हणजे त्यातला पहिला सोमवारच.

सोमवारी साडेसहाला ती बाहेर आली, तर पुढच्या सीटवर खुशालराव बसलेले. धोतर, टोपी, छातीला पट्टा.

"मामाजी, तुमी कुठी?"

"मी येतो. मधात बंद पडली तं?"

दोन दिवसांत तोंडातून निघालेलं पहिलं वाक्य ते हे! उतरा म्हणावं तर माणिकबाई खिडकीत. बरं, बसले ते बसले, वर पान्ह्यांची पिशवी घरात विसरले. ती शोधायला आत गेले ते सात वाजता बाहेर आले. पौर्णिमानं दात ओठ खात गाडी काढली.

गाडी मात्र चालली. पेट्रोलचा वास येत होता, पिवळा दिवा डोळे वटारून बघत होता, पण चालली. खुशालराव त्या दिव्याकडे असे बघत होते, की त्यांचे हात आपोआप पुढे सरकायचे.

"मामाजी, हात मांडीवर ठेवा."

त्यांनी ठेवले. थोड्या वेळानं खिडकीबाहेर कापसाच्या पराटीकडे बघत म्हणाले, "मले झोप नव्हती येत."

"काहून?"

"तुले पहिल्या डावी उशीर झाला तवापासून. तू तिकडं राह्याले गेली तं पोरगी मलेच इचारीन ना, आई कुठी हाय म्हणून. मी तिले काय सांगू? म्हणून इतवारी जास्तच कसून बसवलं."

आता यावर माणसानं काय बोलावं? करायला गेलो गणपती, झाला मारुती, असं म्हणून हसावं की स्टिअरिंगवर डोकं आपटावं? तिनं नुसता गिअर बदलला.

पुढे जिनिंगजवळ कापसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती. आठ वाजून दहा झाले, पंधरा, वीस. रांग मुंगीसारखी सरकत होती. तेवढ्यात गाडीनं एक गचका दिला. एकच! आणि खुशालरावांचा हात बंडीच्या खिशात गेला. बाहेर आला तो पेस्टची ट्यूब घेऊनच.

"मामाजी! घरून पेस्ट आणली?"

"असू द्यावं म्हटलं, जवळ..."

तिनं ती ट्यूब हिसकावली. टोपण ढिलं होतं. चांगली बोटभर पेस्ट तिच्या उजव्या अंगठ्यावर पसरली. ट्यूब मागच्या सीटवर भिरकावून तिनं रुमालानं अंगठा पुसला, बाटलीतलं पाणी टाकून पुन्हा पुसला आणि रांग सुटताच गाडी दामटली.

दवाखान्याच्या फाटकात शिरले तेव्हा आठ वाजून चोपन्न झाले होते. पौर्णिमा पळतच गेली. मशीनवर अंगठा टेकवला. लाल दिवा. पुन्हा प्रयत्न करा. पुन्हा टेकवला. लाल. तिनं अंगठा उजेडात पाहिला, त्यावर गुळगुळीत पातळ थर बसला होता. तिनं साडीला घासला, नखानं खरवडला. लाल. मशीनमध्ये तिच्या त्याच एका अंगठ्याची नोंद होती.

झाडू घेऊन उभ्या असलेल्या बेबीताई म्हणाल्या, "मॅडम, छप्पन झाले." हे सांगायची काही गरज होती का?

पौर्णिमाच्या डोळ्यांत पाणी आलं. गाडी वेळेत पोचली, आपण पोचलो आणि आता अंगठा पोचत नाही! हे डॉक्टरांना सांगायचं तरी कोणत्या तोंडानं? सासऱ्यांनी आधी गाडीला पेस्ट लावली आणि मग मला लावली?

"पाणी लावलं काय?" मागून आवाज आला. खुशालराव पिशवी घेऊन धापा टाकत आले होते.

"लावलं."

"तवाच! पाण्यानं पसरते ते. आण इकडं."

त्यांनी तिचा हात असा धरला जसा पंपाचा कुठलाही भाग धरत असतील, न विचारता, घट्ट. आधी कोरडी चिंधी एकाच दिशेनं फिरवली. मग पिशवीतल्या छोट्या बाटलीतलं घासलेट दुसऱ्या चिंधीवर घेऊन घासलं. मग दारातल्या कुंडीतली चिमूटभर सुकी माती अंगठ्यावर चोळून धोतराच्या सोग्यानं पुसली. थरथर नाही, घाई नाही. "अठ्ठावन," बेबीताई म्हणाल्या. खुशालरावांनी अंगठा उजेडात धरून डोळे बारीक केले. रेषा दिसत होत्या.

"आता लाव."

हिरवा. मशीन टुणकन वाजलं. आठ एकोणसाठ.

पौर्णिमा भिंतीला टेकली. खुशालराव त्या मशीनकडे बघत उभे होते. त्यांनी स्वतःच्या अंगठ्यावर बोट फिरवलं.

"माहा तं कोणतीच मशीन घेत नाही," ते म्हणाले. "तुहा घेतला, लय झालं."

तिनं डोळे पुसले. अंगठ्याला घासलेटाचा वास होता, तो डोळ्यांना झोंबला आणि अजूनच पाणी आलं. "चहा पिऊन घ्या मामाजी. मंग पाचपर्यंत गाडीत बसा."

"बसतो."

ते पिशवी उचलून चार पावलं गेले. मागच्या सीटवर ट्यूब तशीच पडलेली आहे, हे पौर्णिमाला एकदम आठवलं.

"मामाजी!"

खुशालराव वळले नाहीत. चालता चालताच म्हणाले, "मालूम हाय व बाई. हात मांडीवर."