कात्रीचा घट्टा

नेवेना निघताना तिच्या आईने, स्टोयांकाने, उंबऱ्यावर तांब्याभर पाणी ओतलं. परीक्षेला जाणाऱ्याचं काम पाण्यासारखं सुरळीत व्हावं म्हणून. "आधी उजवा पाय टाक गं," समोर उभी राहून ती म्हणाली आणि बोटाने पाय दाखवला. नेवेनाने तोच टाकला.

मायलेकींचा जन्म आरशापुढे गेलेला. प्लेव्हेन शहरातल्या आईच्या सलूनमध्ये नेवेना बाराव्या वर्षापासून कात्री चालवायची. आरशात गिऱ्हाइकाचा उजवा कान आपल्या उजव्याच हाताला दिसतो. माणूस समोर उभा राहिला की नेमकं उलटं. त्या सवयीने दोघींचा कायमचा घोळ करून ठेवला होता.

शरीररचनेच्या परीक्षेत याला माफी नाही. पहिल्याच तासाला शिकवतात: शरीर ताठ, तळवे पुढे, अंगठे बाहेर, आणि डावं-उजवं त्या शरीराचं, बघणाऱ्याचं नव्हे. पहिल्या खेपेला तिने यकृत डावीकडे दाखवलं. दुसऱ्या खेपेला बरोबर जागी गेलेला हात घाबरून मागे घेतला. आजची तिसरी खेप, शेवटची. चुकली की नाव कायमचं कटणार, आणि तिला तर डॉक्टरच व्हायचं होतं, दुसरं काही नको होतं.

परीक्षेच्या खोलीत पालथ्या ठेवलेल्या प्रश्नांच्या चिठ्ठ्यांतून तिने एक उचलली. 'शरीराची मूळ स्थिती, बाजू, दिशा.' बाहेरच्या पोरांना ही मिळाली असती तर त्यांनी उड्या मारल्या असत्या. नेवेनाला नेमकी हीच नको होती.

तळघरातल्या त्या खोलीला खिडकी नव्हती. औषधाच्या वासाने डोळे चुरचुरत होते. पायाशी ती, मध्ये टेबलावर उताणा मृतदेह, त्याच्या डोक्यापलीकडे तीन परीक्षक आणि त्यांच्या मागे दार. पळायचं म्हटलं तरी त्यांच्यातूनच जावं लागणार.

"यकृत कुठंय?" कराजोव सर म्हणाले. "आज तरी एका जागी ठेव, बाई. फिरतं यकृत मी अजून पाहिलेलं नाही."

बाकीचे दोघे हसले. नेवेनाचा हात उचलेना. मनात आलेली बाजू चुकीची, म्हणून उलटी धरावी. पण मनाने ती आधीच उलटवली असेल तर? ती रडायच्या बेतात होती.

मग ती चालू लागली. टेबलाला वळसा घालून मृतदेहाच्या डोक्याशी गेली आणि परीक्षकांकडे चक्क पाठ करून उभी राहिली. तिथे असं कोणी करत नसे.

"पाठ दाखवतेस आम्हाला?"

"हो, सर. त्याच्यासारखी उभी राहते."

तिने तळवे पुढे केले, अंगठे बाहेर. एका अंगठ्यावर कात्रीचा घट्टा होता. तो उजवा, त्यात कुठल्या आरशाची लुडबुड नाही. वाकून तोच अंगठा तिने मृतदेहाच्या त्याच बाजूच्या खालच्या बरगड्यांवर टेकवला.

"इथे. उजवीकडे, छाती-पोटामधल्या पडद्याखाली."

मागच्या कोणाचा चेहरा दिसेना. हात काढून घ्यावा, असं तिला फार वाटलं. तिने काढला नाही.

कागदावर पेन चालल्याचा आवाज आला. "सहापैकी तीन," कराजोव सर म्हणाले. "काठावर पास. पेशंटला मात्र पाठ दाखवू नकोस."

बाहेर बाकावर आई बसली होती. निकाल ऐकून तिचे डोळे भरून आले. "बघ, मी उजवाच पाय टाकायला लावला होता की नाही?"

नेवेनाने अंगठ्यावरचा घट्टा चाचपला आणि सकाळचा पाय आठवून पाहिला. डावा होता.

"हो, आई," ती म्हणाली.