ताशी चार लिटर

माझ्या मोटारसायकलने आजवर एकही शर्यत पुरी केली नव्हती. मातीत, खाचखळग्यांत पळवायची गाडी ती, पण सलग दोनदा वाफा सोडत अर्ध्यात बसली. तेव्हा नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, शांतपणे सांगून टाकलं की आता अंथुर्ण्याची शेवटची. तिथंही शेवटची रेषा गाठली नाही, तर गाडी हिंदुरावला. हिंदुराव म्हणजे आमचा कोऱ्हाळ्यातला बांधशेजारी. त्याला गाडी नको होती, नुसतं इंजिन हवं होतं, औषध फवारायच्या यंत्राला. माझ्या गाडीने जन्मभर उसावर फवारणी करायची, या विचारानेच माझं डोकं फिरलं.

दोन्ही वेळा दगा दिला तो रेडिएटरच्या नळीने. इंजिनातलं तापलेलं पाणी रेडिएटरला नेणारी वीतभर रबरी नळी. एकदा फुगून फाटली, एकदा क्लिप सैल पडून निसटली. नाना रोज सकाळी ठिबकच्या नळ्या दोन बोटांनी दाबत उसातून फिरतात. गाडीची नळी पण अशीच दाबत जा, मऊ पडली की बदल, असं ते मला वर्षभर सांगत होते. मी इंजिनिअरिंग शिकलेली, मी कशाला ऐकते? मी ऑनलाइन लालभडक सिलिकॉनची नळी मागवली. लालच का, तर टाकीवरचा पट्टा लाल आहे म्हणून.

अंथुर्ण्यात सरावाच्या फेरीतच वाफ निघाली. मूळ नळीला बनवतानाच बाक दिलेला असतो, माझी लाल नळी सरळसोट. दाबून वाकवली तिथं घडी पडली आणि घडीवरच ती चिरली. हिंदुराव टेम्पोची फळी पाडून, हातात दोर घेऊन तयारच होता. इतका खूश मी त्याला पोरीच्या लग्नातही पाहिला नव्हता.

नानांनी टेम्पोतलं ठिबकच्या नळीचं भेंडोळं ओढलं. वीतभर तुकडा कापून चहावाल्याच्या उकळत्या पाण्यात मऊ केला, गाडीवर चढवला, दोन्हीकडे क्लिपा आवळल्या. मी पाणी भरून इंजिन चालू केलं. नळीच्या मधोमध एक थेंब आला. मग दुसरा. घाईत नानांनी नेमका ड्रिपरचा, म्हणजे उसाच्या मुळाशी पाणी सोडायच्या भोकाचा तुकडा कापला होता. आणि तेवढ्यात रांगेत या म्हणून भोंगा वाजला.

नाना थेंबांकडे बघत राहिले.

"ताशी चार लिटरचा हाय," ते म्हणाले. "गाडीत पानी लिटरभर. म्हंजी पंधरा मिंटं. तेवढ्यात ये."

"मला वीस तरी लागतील, नाना."

"मग हितं बोलत कशाला थांबलीस?"

पाणी पार संपेपर्यंत इंजिन वाट बघत नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही. एक थेंब गुडघ्यावर पडला की चटका बसायचा, चटका बसला की हिंदुरावचा दोर आठवायचा, आणि मी मूठ आणखी पिळायचे. मी मनातून खरंच घाबरले होते. माझी वाफ बघून पुढचे गडी आपणहून बाजूला होत होते.

चौदाव्या मिनिटाला मी रेषा ओलांडली आणि त्याच क्षणी नळी भोपळ्यासारखी फुगून फुटली. हिंदुरावच्या पांढऱ्या विजारीवर गुडघ्यापर्यंत फवारणी झाली. लांब उभा होता म्हणून भाजलं नाही. नंबर सातवा आला. नानांनी हिंदुरावच्या हातातून दोर घेतला, गुंडाळला आणि त्याला चहा पाजला.

दुसऱ्या दिवशी मी जुनी नळी सोबत नेऊन बारामतीतून तोच बाक, तेच तोंड बघून काळी रबरी नळी आणली. बसवली. आणि पुढच्या सकाळी चहाच्याही आधी ती दाबायला, गाडी लावलेल्या गोठ्यात गेले. नव्याकोऱ्या नळीवर शेणामातीने भरलेल्या दोन बोटांचे ठसे आधीच उमटलेले होते. नाना उसात जाण्यापूर्वी इथं येऊन गेले होते. मला हसू आलं आणि थोडं रडूही. त्याच ठशांवर बोटं ठेवून मी नळी दाबली.