रिकाम्या ताटलीचा फोटो

आहारतज्ज्ञ बाईंनी भिंगरीला काट्यावर उभं केलं, आकडा पाहिला, खाली उतरवून पुन्हा उभं केलं आणि मग त्या काट्याकडेच संशयाने पाहू लागल्या.

भिंगरी हे तिचं घरातलं नाव. आनंद झाला की पोर स्वतःभोवती गिरक्या घेते, म्हणून पडलेलं. वय सात. स्वमग्न आहे, बोलणं जवळजवळ नाही, ऐकणं मात्र सगळं. आणि खाणं काय, तर फक्त पांढरं. पाव, भात, उकडलेला बटाटा, दूध. ताटलीत दुसरा रंग दिसला की ओठ असे मिटायचे, की देवालासुद्धा उघडता येऊ नयेत.

"वजन पुन्हा उतरलंय," बाई म्हणाल्या. "आणि हा फोन म्हणतोय मुलगी गाजर खाते, वाटाणे खाते, भोपळासुद्धा खाते!"

भिंगरीचे बाबा लिफ्ट दुरुस्त करतात. त्यांनी फोन घेऊन उलटासुलटा करून पाहिला, जणू मागे एखादा स्क्रू ढिला झालेला दिसेल. फोनमधलं अस्वल मजेत हात हलवत होतं. डोक्यावर टोप्यांची उतरंड. जेवणाआधी ताटलीचा फोटो काढायचा, जेवण झाल्यावर पुन्हा काढायचा. दोन्हींतला फरक बघून पोटात काय गेलं ते फोन ठरवायचा, आणि रंगीत पदार्थ संपला की अस्वलाला एक टोपी. टोपी आली की भिंगरीची गिरकी ठरलेली.

"हे असंच चाललं तर पुढच्या तपासणीनंतर तिला दवाखान्यात ठेवावं लागेल. नाकातून नळी घालून अन्न द्यावं लागेल," बाई हळूच म्हणाल्या.

कोपऱ्यात बसलेल्या आत्याने ते ऐकलं. साधा ओला रुमाल चेहऱ्याला लागला तरी जी पोर घर डोक्यावर घेते, तिच्या नाकात नळी! आई-बाबा दोघंही दिवसभर कामावर, त्यामुळे घरी दुपारचं जेवण वाढायचं आत्याने. म्हणजे जे काही चुकत होतं ते तिच्याच हातून. पण चुकत काय होतं?

घरी जाताना बाबांनी विचारलंच, "ताई, ती खरंच खाते ना गं?"

"अरे, मी काय खोटं सांगेन? अस्वल देतंय ना टोप्या?"

"तू बघतेस का खाताना?"

"बघायचं नाही असं तुझ्या त्या बाईंनीच सांगितलंय. टक लावू नका, आग्रह करू नका, आपलं काम करत बसा. लक्ष ठेवायला अस्वल आहे म्हणाल्या. मी पाठ करून भांडी पुसते बापडी."

बिघाड सापडेना की बाबा स्वतः आत उतरून बघतात.

दुसऱ्या दिवशी ते दुपारी घरी थांबले आणि दाराआड उभे राहिले. आत्याने ताटली वाढली: भात, बाजूला गाजराच्या चकत्या, थोडे वाटाणे. फोटो काढला. पाठ केली. भिंगरीने भात तेवढा टिपून खाल्ला आणि ताटली दोन्ही हातांनी पुढे सरकवली. आत्या वळली, खुर्चीवर टेकली, "किती गोड पोर ती, थोडंसंच उरलंय," असं म्हणत तिने गाजर आणि वाटाणे स्वतः संपवले, बोटाने ताटली निपटली आणि लख्ख ताटलीचा फोटो काढला.

टोपी आली. भिंगरीने गिरकी घेतली.

"ताई! हे काय?"

"काय हे काय? उरलं होतं. अन्न टाकायचं का? देवाचं देणं आहे ते."

"रोज असंच करतेस?"

"रोज. रिकाम्या ताटलीचा फोटो काढा, असंच सांगितलं होतं ना? मग भरलेल्या ताटलीचा कसा काढू?"

बाबांनी फोन उचलून तिच्यापुढे धरला. "अगं ताई, फोनला काय कळतंय कुणी खाल्लं? त्या सगळ्या टोप्या तुझ्या आहेत!"

आत्या अस्वलाकडे बघतच राहिली. इतके दिवस तिला वाटत होतं ते आतून सगळं पाहतंय. "म्हणजे भोपळा... मी?"

"तूच."

"तरीच म्हटलं, कपडे धुण्यात आटतायत की काय."

बाबांना हसू फुटलं, पण डोळे हसेनात.

त्या दिवसापासून आत्याने उरलेल्याला हात लावला नाही. फोटो निघायचा, अस्वल मख्ख बसायचं. भिंगरीची तर मतीच गुंग झाली. तिच्या हिशेबी खेळ साधा होता: आत्या खाते, टोपी येते. तो एकाएकी मोडला कसा? ती फोन हलवायची, काचेवर चापट्या मारायची. मग एका दुपारी तिने गाजराची चकती उचलली आणि आत्याच्या ओठांपाशी नेली.

लेकराने आपण होऊन भरवलेला घास. आत्याने जन्मात असा घास नाकारला नव्हता. डोळे भरून आले, तरी तिने ओठ घट्ट मिटले. भिंगरीने चकती दाबून पाहिली. ओठ उघडेनात. ती आत्याकडे बघू लागली, आत्या तिच्याकडे. दोघींची तोंडं बंद, आणि दोघींनाही समोरचीला काय झालंय ते कळेना.

मग भिंगरीने ती चकती स्वतःच्या ओठांना लावली. चाटली. थुंकल्यासारखं केलं. पुन्हा चाटली, आणि कडेला इवलासा दात मारला.

आत्याने झटकन फोटो काढला. अस्वल मख्खच. एवढासा चावा त्याच्या खिजगणतीत नव्हता. भिंगरी काचेकडे पाहत वाट बघू लागली. आता? उरलेलं गाजर पटकन तोंडात टाकलं तर टोपी येईल, पोर खुश होईल. पण मग पुन्हा तेच. नाही टाकलं तर पोरीला वाटेल, चावून काही मिळत नाही. देवा, यातलं बरोबर कुठलं?

आत्याने ताटली ओढली, सगळं डब्यात परत टाकलं आणि तो दात लागलेला तुकडा तेवढा मधोमध ठेवला. नवा फोटो काढला: आता एवढा एक तुकडा संपला की ताटली रिकामी. या वेळी पाठ केली नाही.

मग तुकडा भिंगरीच्या तोंडात गेला आणि गालात जाऊन बसला. ताटली रिकामी होती. भिंगरीने आत्याचं बोट पकडून फोनकडे ओढलं: काढ फोटो!

"थांब गं राणी," आत्या म्हणाली, "आधी गिळ."

भिंगरी बोट ओढत राहिली. आत्याने ते सोडवलं नाही आणि पुढेही नेलं नाही. फोन काही म्हणो, तिची नजर त्या फुगलेल्या गालावर होती.