काठोकाठ भरलेली वाटी

मी एक जुना समोवार, म्हणजे निखाऱ्यांवर चहाचं पाणी उकळणारं पितळी भांडं आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून ठेवतो, स्वभावाने तापट आहे. पोटात निखारे घेऊन जगणाऱ्याकडून गोड गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका.

माझा जन्म दूर उत्तरेकडच्या एका गावात झाला. कारागिरांनी पितळेचा पत्रा ठोकून मला गोल पोट, तोटी आणि डौलदार कान दिले. एका नवरीच्या रुखवतातून मी सीर नदीकाठच्या या कझाक गावात आलो. तिचा मुलगा सेरगाझी माझ्या उबेला रांगायला शिकला. आज तो घरातला म्हातारा आहे. लग्न असो, बारसं असो, कुणाचं दुःख असो, माझ्यावाचून या घराचं पान हललं नाही. "चहा प्यावा तर सेरगाझीकडे, जीभ भाजलीच पाहिजे!" असं लोक म्हणायचे आणि मी फुशारून जायचो. पुढे विजेची किटली आली आणि मी कोठीत धूळ खात पडलो. पण पाहुणे आले की सेरगाझी ओरडायचाच, "त्या किटलीचं पाणी माझ्या पाहुण्यांना? आणा आमच्या तापट म्हाताऱ्याला बाहेर!"

चहा ओतायचा मान इथे सुनेचा. सून ऊलमेकेन माझ्या शेजारी बसायची. आमच्याकडे वाटीत चहा थोडाच ओततात, म्हणजे पाहुणा पुन्हा पुन्हा मागतो आणि बैठक रंगते. वाटी काठोकाठ भरून दिली, तर त्याचा अर्थ एकच, "प्या आणि निघा."

आणखी एक रीत आहे. थोरल्या माणसाने आपल्या वाट्याचं मांस स्वतःच्या हाताने धाकट्यांना भरवायचं. गेल्या वर्षी सेरगाझी आपला सगळाच वाटा असा भरवू लागला. एक घास भाच्याला, एक शेजाऱ्याला, एक सुनेला. लोक म्हणत, "काय मोठं मन आहे हो!" ऊलमेकेन मात्र बघत राहायची. एरवी तो पाव चहात पार लगदा होईपर्यंत बुडवायचा. घोट घेतला की छाती दाबायचा. सदरा अंगावर लोंबू लागला होता. आवाज बसला होता तो बसलाच.

"आई, बाबांच्या गळ्याखाली घास उतरत नाहीये," ती एकदा सासूला, झेइनेपला म्हणाली.

"अगं, दात गेलेत त्यांचे! वय झालं. तुझं आपलं उगाच काहीतरी."

"माझ्या वडिलांच्या वेळी आम्हीही दातांनाच दोष दिला, आई. दवाखान्यात नेलं तेव्हा कॅन्सर सगळीकडे पसरला होता."

"अभद्र बोलू नकोस घरात!"

सेरगाझीला विचारलं तर तो हसला. "मला काय धाड भरलीय? उंटासारखा धडधाकट आहे मी."

असे आठवडे गेले. माझं पाणी आतल्या आत उकळत होतं, पण मला तोंड नाही, तोटी आहे.

हिवाळ्याच्या तोंडाशी घरात मेजवानी होती. सेरगाझी घास वाटत होता. शेजारी तोलेगेन तोंडात घास घोळवत म्हणाला, "असा दिलदार माणूस पंचक्रोशीत नाही!" तेवढ्यात ऊलमेकेनने सासऱ्याची वाटी माझ्या तोटीखाली धरली आणि काठोकाठ भरली. चहा बशीत सांडला. तिने वाटी दोन्ही हातांनी त्याच्यापुढे ठेवली.

झेइनेपने कपाळाला हात लावला.

"सूनबाई," सेरगाझी घोगऱ्या आवाजात म्हणाला, "मला माझ्याच घरातून हाकलतेस?"

"हो, बाबा. दवाखान्यात. जाऊन येईपर्यंत रोज अशीच भरणार."

"चारचौघांत माझी अब्रू घेतलीस!"

"मन मोठं म्हणून नाही, गिळवत नाही म्हणून तुम्ही वाटताय. मी खोटी असेन तर एवढा एक तुकडा खाऊन दाखवा. मी सगळ्यांसमोर तुमच्या पाया पडेन."

त्याने तुकडा उचलला. तोंडापाशी नेला. मग त्याने तो तुकडा हळूच ताटात ठेवला आणि म्हणाला, "भीती वाटते गं, पोरी."

"मलाही वाटते, बाबा. म्हणून तर उद्याच निघायचं."

तपासणीत नळी घालून बघितलं, तेव्हा अन्ननलिकेत गाठ सापडली. ती अजून पसरली नव्हती. शस्त्रक्रिया झाली, औषधं झाली, फार हाल झाले. पण सेरगाझी घरी आला आणि थोडं थोडं जेवू लागला. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, चहा निववूनच प्यायचा. माझा अपमानच तो! पण माझं नाक मोठं की माझ्या सेरगाझीचा गळा?

मित्रांनो, माझी तोटी ठिबकायला लागली तर झेइनेप त्याच दिवशी कारागिराला बोलावते. माणसाच्या बाबतीत मात्र "बघू पुढे" म्हणतात. घास अडकतोय, आवाज बसलाय तो सुटत नाही, वजन उगाच उतरतंय, कुठे गाठ लागतेय, तोंडातली जखम भरत नाही, नको तिथून रक्त जातंय, असं काही दिसलं तर घाबरू नका. दर वेळी तो कॅन्सरच असतो असं मुळीच नाही. पण ते डॉक्टरांना ठरवू द्या.

परवा तोलेगेन आला होता. ओठाखाली तंबाखूची गोळी नेहमीप्रमाणे होतीच. सेरगाझीने त्याच्याकडे निरखून पाहिलं.

"ओठ उघड. हा पांढरा चट्टा कधीपासून आहे?"

"असेल महिना-दोन महिने. दुखत नाही रे."

"दुखत नाही म्हणून बसलायस? थुंक आधी ती गोळी. ऊठ!"

"अरे, चहा तरी पिऊ दे!"

सेरगाझीने टोपी घातली आणि त्याला दंडाला धरून बाहेर नेलं. ओतलेला चहा तसाच राहिला, आणि पहिल्यांदाच मला त्याचा राग आला नाही. चहा काय, मी पुन्हा तापवून देईन. तुम्ही आधी दवाखान्यात जाऊन या.