नाकवाल्यांचा प्याला

मित्रांनो, तुमच्या घरातल्या पाण्याच्या पेल्यांचा मी एक म्हातारा, लांबचा भाऊबंद. अंगाने काचेचा, पोटाने गोल, गळ्याशी निमुळता आणि एका बारीक पायावर उभा. पाणी प्यायला मी अगदीच निरुपयोगी आहे. तोंड लावावे तर नाक आत अडकते. पण माझा जन्म त्यासाठीच झाला होता.

ज्या काचकाराने मला घडवले त्याने लांब नळीतून फुंकून माझे पोट फुगवले आणि मग चिमट्याने माझा गळा आवळत आणला. शेजारच्या कारागिराने विचारले, "एवढा का आवळतोस त्याला?"

"वास पळून जाऊ नये म्हणून," तो म्हणाला.

मला विकत घेतले ते एका दुकानदाराने. त्यांच्या दुकानात एकच वस्तू मिळे, आर्मेनियन कोन्याक. द्राक्षांचा अर्क काढून तो ओकच्या लाकडी पिंपांत वर्षानुवर्षे मुरवतात, तेव्हा हे मद्य तयार होते. ते मोठ्या माणसांचे पेय आहे, तुमचे नाही. मोठ्यांनीही ते थेंबाथेंबाने घ्यावे असे माझ्या धन्याचे मत होते. घटाघटा पिणारे गिऱ्हाईक आले की ते सरळ सांगत, "तुम्हाला तहान लागलीय. पलीकडे सरबताचं दुकान आहे."

त्यांचे खरे नाव फारसे कुणाला ठाऊक नव्हते. सगळे त्यांना नाकवाले म्हणत. त्यांचे नाक तसे बेताचेच होते, पण ते खोटे बोलत नसे. नमुन्याच्या बाटल्या घेऊन व्यापारी येत. नाकवाले माझ्यात बोटभर कोन्याक ओतत, मला पायाशी धरून पांढऱ्या कागदासमोर नेत आणि रंग पाहत. मग मला हलकेच तिरके करून सरळ करत. काचेवरून थेंबांच्या रेघा सावकाश उतरल्या तर मान डोलावत. सगळ्यात शेवटी नाक. तेही एकदम खुपसायचे नाही. आधी हनुवटीपाशी, मग ओठांपाशी, मग माझ्या कडेला टेकून. तेवढा वेळ ते डोळे मिटून घेत. त्यांच्या भुवया सैल झाल्या की मला कळे, माल चांगला आहे.

त्यांची धाकटी बहीण गल्ला सांभाळायची. केस पांढरे व्हायला लागले तरी ते तिला चिमणीच म्हणत. ती गमतीने म्हणायची, "दादा, तू मुलगी बघायला गेला होतास तेव्हासुद्धा आधी चहाचा वास घेतलास."

"म्हणूनच लग्न मोडलं," ते शांतपणे म्हणत. "चहा शिळा होता."

नव्या गिऱ्हाइकाला ते हौसेने शिकवत. "बाटलीवर कोणत्या देशात भरली, किती वर्षं मुरली ते आधी वाचा. मुरल्याच्या वर्षांसाठी चिठ्ठीवर तारे छापतात, ते मोजा, पण ताऱ्यांवर भाळू नका. रंग काळसर दिसला म्हणजे माल जुना असं नाही, जाळलेल्या साखरेनंही रंग येतो. बर्फ घालू नका, वास गारठतो. आणि प्यायल्यावर प्याला लगेच धुऊ नका. सकाळी रिकाम्या प्याल्याचा वास घ्या. हलका माल रात्रीत पळून जातो. चांगला माल सकाळपर्यंत मुक्काम करतो."

मित्रांनो, त्या काळात माझे फार कौतुक झाले. मऊ सुती फडक्याने मला फक्त नाकवालेच पुसत. चिमणीताईलाही हात लावू देत नसत. मीही नाक वर करून फळीवर उभा असे.

मग एका हिवाळ्यात नाकवाल्यांना ताप आला. आठवडाभर ते दुकानात आले नाहीत. आले तेव्हा थोडे वाळले होते, पण हसत होते. एक व्यापारी नमुने घेऊन थांबलाच होता. त्यांनी माझ्यात पहिला नमुना ओतला, कागदासमोर धरला, तिरका केला, नाक टेकवले. भुवया तशाच राहिल्या.

"फिका आहे," ते म्हणाले.

दुसरा नमुना ओतला. तोही फिका. तिसऱ्यालाही तेच. व्यापारी नाक मुरडून निघून गेला. चिमणीताईने मला उचलून वास घेतला आणि ती भावाकडे बघतच राहिली. माझ्यातून इतका दाट वास येत होता की गल्ल्यापाशीही तो जाणवत होता.

"दादा, सकाळी दूध करपलं ते तुला कळलं नाही का?"

"करपलं होतं?" त्यांनी विचारले.

नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितले की तापात वासाची नस दुखावली आहे. येईल कदाचित परत. कदाचित येणारही नाही. रोज सकाळी लवंग, कॉफी, लिंबू आणि गुलाब यांचा वास घेत जा. चिमणीताईने चार बरण्या भरल्या. नाकवाले रोज त्या उघडत आणि डोळे मिटून बसत. हिवाळा गेला, उन्हाळा गेला. ताईने दोनदा बरण्यांतला माल बदलला, कारण त्याचाच वास उडून जाई. नाकवाल्यांना मात्र नवा आणि जुना सारखाच.

लोकांना हे सांगावे तर लोक हसत. शेजारचा चष्मेवाला म्हणाला, "बरंच झालं की, गटार तुंबलं तरी तुम्हाला त्रास नाही." नाकवालेही हसले. तो गेल्यावर त्यांनी मला पुसायला घेतले आणि कितीतरी वेळ एकच जागा पुसत राहिले.

दुकान तर चालवायला हवे होते. मग दोघांनी एक युक्ती काढली. वास ताईने घ्यायचा, निवाडा दादाने करायचा.

"काय येतंय?" ते विचारत.

"गोड काहीतरी."

"गोड म्हणजे कसं गं? मनुक्यासारखं, मधासारखं, का गुळासारखं?"

"दादा, गोड म्हणजे गोड. माझ्या नाकाला एवढंच येतं."

तिच्या नाकी नऊ येत, पण ती नेटाने शिकत होती. अशातच एक नवा व्यापारी आला. त्याच्या बाटल्या देखण्या होत्या, चिठ्ठ्या नीट होत्या, रंग गडद होता. ताई म्हणाली, "व्हॅनिलाचा छान वास येतोय. भरपूर." नाकवाले जरा घुटमळले. व्हॅनिला ओकमधूनही येतो, आणि अत्तरासारखा बाटलीतूनही घालता येतो. फरक फक्त नाकाला कळतो. त्यांनी माल घेतला.

तो झपाट्याने खपला. नाकाने कांदे सोलणारी गिऱ्हाइकेही खूश झाली. मला मात्र रिकामे ठेवले की तासाभरात माझ्यात काहीच उरत नसे. हे मी कुणाला सांगणार?

एका दुपारी टेलर मास्तर आले. त्यांची बायको अंथरुणाला खिळलेली होती. रविवारी जेवणानंतर दोघे टोपणभर कोन्याक वाटून घेत आणि एक बाटली वर्षभर पुरवत. त्यांनी उघडलेली बाटली काउंटरवर ठेवली.

"परत करायला आलो नाही," ते म्हणाले. "बायको म्हणते, यावेळी औषधासारखं लागतंय. मलाही तसंच वाटतंय. पण माल तुमचा, म्हणजे आमच्याच नाकांना काही झालं असेल. जरा बघून सांगा."

नाकवाल्यांनी मला घेतले. ओतले, पाहिले, तिरके केले, नाक टेकवले आणि डोळे मिटले. मी त्यांचा श्वास माझ्या पोटात येताना-जाताना ऐकत होतो. तो रिकामाच येत होता आणि रिकामाच जात होता. ताई गल्ल्यामागे उभी राहिली होती.

"मास्तर," ते म्हणाले, "तुमचं नाक ठीक आहे. वहिनींचंही. माझं गेलंय."

"अहो, सर्दी असेल," मास्तर म्हणाले. मग बाटली तिथेच ठेवून हळूच निघून गेले. पुन्हा आले नाहीत. रागाने नव्हे. त्यांना नाकवाल्यांच्या तोंडाकडे बघवत नसावे.

त्याच संध्याकाळी नाकवाले म्हणाले, "दुकान बंद करू."

"अरे, चालतंय की."

"चालतंय गं. तेच तर. माझ्याशिवाय चालतंय, आणि वाईट मालावर चालतंय."

ताई खूप भांडली. मी शिकेन, मला वर्ष दे, असे म्हणाली. ते ऐकत राहिले आणि फळीवरच्या बाटल्या खोक्यात भरत राहिले. त्या जागी आता पडद्यांचे कापड मिळते.

मला त्यांनी घरी नेले. माझ्यात आता त्यांच्या गोळ्या ठेवतात. ते जेवतात, पण वेळ झाली म्हणून. भाजीत मीठ जास्त पडले तर कळते, बाकी सारखेच. वजन उतरले आहे. लवंग-कॉफीच्या बरण्या ताईनेच एक दिवस स्वयंपाकात संपवून टाकल्या, आणि त्यांनी त्या कुठे गेल्या असे विचारलेही नाही.

ताई मात्र शिकत राहिली. दुकान नव्हते, गिऱ्हाईक नव्हते, तरी शिकत राहिली. मागच्या महिन्यात एका दुपारी तिने घरात उरलेली सगळ्यात जुनी बाटली काढली. गोळ्या काढून मला धुतले, ओतले आणि वास घेतला. तिच्या भुवया सैल झाल्या.

"दादा, ऐक. आधी सुकवलेला जर्दाळू येतो. मग अक्रोडाची साल, तुरट. आणि अगदी शेवटी लाकडाचा भुसा. सुतारानं ताजा रंधा मारल्यावर येतो ना, तसा."

नाकवाल्यांनी मान वर केली. "बरोबर आहे. अगदी बरोबर. शिकलीस तू."

तिचा चेहरा उजळला. तिने मला त्यांच्या हातात दिले. त्यांनी नाक टेकवले आणि डोळे मिटले.

"सुतार दिसतो, चिमणे," ते म्हणाले. "रंधाही दिसतो. पण भुशाचा वास कसा असायचा, ते मला आता आठवतही नाही."

ताईने मला हळूच काढून घेतले.

मित्रांनो, ज्याला दिसत नाही त्याला तुम्ही हात धरून रस्ता ओलांडून देता. ज्याला ऐकू येत नाही त्याच्याशी मोठ्याने बोलता. ज्याचा वास गेला त्याला मात्र सगळे हसतात. तुमच्या ओळखीत असे कुणी असेल तर हसू नका. त्यांच्याजवळ बसा आणि ते काय सांगतात ते ऐकून घ्या. त्याने त्यांना बरे वाटेल, असे वचन मी देऊ शकत नाही. नाकवाल्यांच्या नाकाजवळ माझ्याइतके कुणीच नव्हते, आणि मलाही काही करता आले नाही.